पोट्टी श्रीरामुलू : ज्यांच्या उपोषणानंतर देशाचा नकाशा बदलला, पण मद्रास मिळाले नाही

भाषेच्या आधारावर राज्ये हवीत, हे तत्त्व काँग्रेसने १९२० च्या नागपूर अधिवेशनातच स्वीकारले होते. स्वातंत्र्यानंतर मात्र नेतृत्वाने हात आखडता घेतला. फाळणी नुकतीच झाली होती आणि भाषेवरून देश पुन्हा विभागला जाईल, अशी पंडित नेहरूंना भीती वाटत होती. हा पेच एका गांधीवादी कार्यकर्त्याच्या मृत्यूनंतर सुटला.

पोट्टी श्रीरामुलू यांचा जन्म १९०१ साली मद्रासमध्ये एका तेलुगू कुटुंबात झाला. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, त्यांनी सॅनिटरी इंजिनीअरिंगचे शिक्षण घेतले. त्यानंतर ते ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत नोकरीला लागले. पत्नी आणि तान्ह्या बाळाच्या मृत्यूनंतर त्यांनी नोकरी सोडली आणि साबरमती आश्रम गाठला. मिठाच्या सत्याग्रहात त्यांना तुरुंगवास झाला. पुढे नेल्लोरमधील मंदिर दलितांना खुले व्हावे, यासाठीही त्यांनी उपोषण केले.

मद्रास कुणाचे?

तेव्हाच्या मद्रास राज्यात तमिळ आणि तेलुगू असे दोन मोठे भाषिक गट होते. नेहरू, वल्लभभाई पटेल आणि पट्टाभी सीतारामय्या यांच्या समितीने १९४९ मध्ये तेलुगू राज्याची शक्यता मान्य केली, पण मद्रास शहरावरचा हक्क सोडण्याची अट घातली. घोडे तिथेच अडले. शहरात तमिळ भाषकांचे बहुमत होते, तर तेलुगू नेत्यांना मद्रास हातचे जाऊ द्यायचे नव्हते.

१९ ऑक्टोबर १९५२ रोजी श्रीरामुलू यांनी मद्रासमध्येच आमरण उपोषण सुरू केले. मद्राससह आंध्र राज्य, ही त्यांची मागणी होती. १५ डिसेंबरच्या रात्री, ५८ व्या दिवशी, त्यांचा मृत्यू झाला. तेलुगू भागात उद्रेक झाला, पोलीस गोळीबारात माणसे मारली गेली. अवघ्या चार दिवसांत, १९ डिसेंबरला, नेहरूंनी आंध्र राज्याची घोषणा केली.

१ ऑक्टोबर १९५३ रोजी आंध्र राज्य अस्तित्वात आले. राजधानी होती कर्नूल. मद्रास तमिळ भाषकांकडेच राहिले.

पुढे काय झाले?

इतर भाषकांच्या मागण्याही आता टाळता येईनात. डिसेंबर १९५३ मध्ये फाजल अली यांच्या अध्यक्षतेखाली राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले. तेलंगणा आंध्रला जोडला गेला, तर मराठवाडा मुंबई राज्यात आला. मुंबईसह महाराष्ट्रासाठी मात्र १९६० उजाडावे लागले. इथेही वाद शहरावरच अडला होता आणि आंदोलनात शंभरहून अधिक जणांचे प्राण गेले.

भाषा एक असली की राज्य टिकतेच असेही नाही. पाणी, नोकऱ्या आणि विकासातील असमतोलाच्या तक्रारींतून २०१४ मध्ये तेलंगणा आंध्रातून वेगळा झाला. हैदराबाद तेलंगणाकडे गेले आणि आंध्रला दुसऱ्यांदा राजधानीचे मोठे शहर गमवावे लागले.