होमी भाभांचं ते भाकीत, जे ७० वर्षांनंतरही खरं झालेलं नाही

पावसाळ्यात गोदावरी फुगली की नाशिककर एकच गोष्ट विचारतात, पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं? पंचवटीत रामकुंडाजवळच्या या मूर्तीवरून पुराचा अंदाज घेतला जातो. पूर थांबवता येत नाही, पण वेळेत कळला तर नुकसान टाळता येतं.

डॉ. होमी भाभांचं एक मोठं भाकीत अशाच एका बेभान प्रवाहापुढे अडलं.

भाभांचा जन्म १९०९ चा, मुंबईतला. वडिलांच्या इच्छेखातर ते केंब्रिजला इंजिनिअरिंग शिकले, पण रमले भौतिकशास्त्रात. १९३९ मध्ये सुट्टीसाठी भारतात आले, महायुद्ध पेटलं आणि ते इथलेच झाले. १९४५ मध्ये त्यांनी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली.

ऑगस्ट १९५५. जिनिव्हातल्या अणुऊर्जा परिषदेचे अध्यक्ष होते भाभा. सूर्यात हायड्रोजनचे अणू जुळून ऊर्जा तयार होते, ती ऊर्जा माणूस २० वर्षांत काबूत आणेल, असं त्यांनी भर सभेत सांगितलं. तेव्हा मोठे देश हे संशोधन गुपचूप करत होते. त्यामुळे एकच चर्चा झाली.

२४ जानेवारी १९६६ ला माँ ब्लाँवर विमान कोसळून भाभा गेले. वय फक्त ५६. १९७५ साल आलं आणि गेलं, वीज काही मिळाली नाही.

मग घोडं अडलं कुठे?

या ऊर्जेसाठी टोकामॅक नावाचं यंत्र वापरतात. मेदुवड्याच्या आकाराच्या पोकळीत कोट्यवधी अंश तापलेला वायू, म्हणजे प्लाझ्मा, चुंबकांच्या जोरावर भिंतीपासून लांब धरायचा. पण प्लाझ्मा वळवळतो, पिळवटतो. ही वळवळ वाढली की काही मिलिसेकंदांत त्याची सगळी उष्णता भिंतीवर पडते आणि यंत्राला जबर धक्का बसतो. याला डिसरप्शन म्हणतात.

म्हणून आता यंत्राभोवतीचे सेन्सर वळवळीची चाहूल घेतात. चुंबकांनी प्लाझ्मा सावरला तर ठीक, नाहीतर त्यात गोठवलेल्या वायूचे तुकडे मारून तो पद्धतशीर विझवायचा.

भारताचा 'आदित्य' टोकामॅक १९८९ मध्ये गांधीनगरला सुरू झाला. डिसरप्शन रोखण्याचे प्रयोग त्यावरही झाले. ही संस्था आज भाभांनीच घडवलेल्या अणुऊर्जा विभागाखाली येते. फ्रान्समधल्या महाकाय 'इटर' प्रकल्पातही भारत भागीदार आहे.

भाभांची तारीख चुकली. पण त्यांनी दाखवलेल्या वाटेवरचं काम थांबलेलं नाही.