हाडं वाचणारा माणूस

आयफेल टॉवरवर चारही बाजूंना मिळून ७२ नावं आहेत. फूरिए, कूलाँब, नाव्हिए ही आपल्या सिलॅबसमधली मंडळी तर आहेतच, पण त्यांच्या पंगतीत जॉर्ज क्युव्हिये नावाचा एक हाडांचा माणूसही बसला आहे.

जन्म १७६९चा, माँबेलियार गावचा. शिक्षण स्टुटगार्टला, मग नॉर्मंडीत एका घरी मुलांच्या शिकवण्या, आणि १७९५ मध्ये थेट पॅरिसचं म्युझियम. पुढच्याच वर्षी त्याने जबडे ताडून दाखवलं की मॅमथ आणि आजचा हत्ती एक नव्हेत. एखादा प्राणी कायमचा नष्ट होऊ शकतो, हे तोवर फारसं कुणी मानत नव्हतं.

त्याचं तत्त्व आपल्याला लगेच पटेल. प्राणी म्हणजे मशीन, प्रत्येक पार्ट दुसऱ्याशी फिट. १८०४ च्या सुमारास माँमार्त्रच्या जिप्समच्या खाणीतून (प्लास्टर ऑफ पॅरिसचं जिप्सम ते हेच) दगडात रुतलेला एक छोटा सांगाडा आला. जबडा बघून त्याने ठरवलं, हा ओपॉसमच्या जातीचा, म्हणजे पोटाला पिशवीवाला. मग कमरेपाशी दोन जादा हाडं हवीतच. चार लोकांना समोर बसवून त्याने दगड कोरला. हाडं निघाली! आपल्या व्हायव्हात असं कधी होत नाही.

त्याच माँमार्त्रमधून एक तुटकी लहान कवटीही आली. १८२० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने तिला ‘अ‍ॅडॅपिस’ नाव दिलं आणि जाड कातडीच्या, खूरवाल्या प्राण्यांच्या शेजारी ठेवून दिलं. १८७० च्या दशकात दक्षिण फ्रान्समध्ये चांगल्या कवट्या मिळाल्या तेव्हा कळलं, अरे, हा तर लेमूरचा नातेवाईक! शास्त्रीय नाव मिळालेला पहिला जीवाश्म प्रायमेट, सुमारे साडेतीन कोटी वर्षांपूर्वीचा, त्याच्या टेबलावर पडून होता. आणि माकडांचे जीवाश्म सापडतच नाहीत, असं हाच माणूस लिहीत होता.

दोष फक्त तुटक्या कवटीचा नाही, असं मला वाटतं. एक पार्ट बदलला की मशीन बंद पडणार, म्हणून प्राणी बदलूच शकत नाहीत, यावर तो ठाम होता. यावरूनच लामार्कशी त्याचं कधी पटलं नाही. मग कोण कुणाचा पूर्वज, हा प्रश्न त्याला पडणार तरी कसा?

१८३२ मध्ये तो गेला. पुढच्या पाच वर्षांत आपल्या शिवालिक टेकड्यांत आणि खुद्द फ्रान्समध्येही माकडांचे जीवाश्म मिळाले. अ‍ॅडॅपिसच्याच गटातली, जर्मनीत सापडलेली ‘इडा’ २००९ मध्ये माणसाची पूर्वज म्हणून टीव्हीवर गाजली, पण बहुतेक संशोधकांनी दात आणि हाडं तपासून तिला लेमूरच्याच फांदीवर बसवलं.