केडगावच्या पंडिता रमाबाई

कार्ल्याची लेणी पाहावयास आपण मळवलीस उतरतो. त्याच लोहमार्गाने पुण्याच्या पुढे गेले की दौंडच्या अलीकडे केडगाव लागते. पंडिता रमाबाईंचे अखेरचे दिवस तेथे गेले.

त्यांचा जन्म १८५८ सालचा. दुष्काळात आईवडील गेले. भावासह पायी देश तुडवून कलकत्त्यास पोचल्या, 'पंडिता' ठरल्या. १८८२ मध्ये वैधव्य आले, पदरी लहानगी मनोरमा.

१८८९ साली मुंबईत काढलेले शारदासदन त्यांनी पुढल्या वर्षी पुण्यास आणले. ख्रिस्ती धर्म त्यांनी आधीच स्वीकारला होता. मुलींना त्याची ओढ लागते असा बोभाटा होऊन १८९३ मध्ये पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या. ती भीती अगदीच निराधार नव्हती. पण त्या विधवांच्या पोटाची सोय काय, याचा विचार धोंडो केशव कर्व्यांसारख्या थोड्यांनीच केला.

केडगावी मुक्तिसदनात दुष्काळाने देशोधडीस लागलेल्या बायकामुली शेती, विणकाम शिकल्या. छापखानाही त्यांनीच चालविला. खिळे जुळविणे हे एरवी पुरुषांचे काम! रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराची जुळणी याच बायकांच्या हातची. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई निवर्तल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली त्याच छापखान्यातून बाहेर पडला.