वजन का वाढले? बर्नच्या सर्जनने शोधलेले उत्तर

थायरॉइड ग्रंथीचे काम वाढले की खाऊनपिऊनही अंग धरत नाही, छाती धडधडते, हात थरथरतात. उपचाराने हे थांबते, आणि काही महिन्यांत कपडे घट्ट होऊ लागतात. औषधाने बरे केले की बिघडवले, हा प्रश्न धर्मापुरीहून अंबाजोगाईला तपासणीसाठी जाणाऱ्या रुग्णालाही पडू शकतो. आपल्याच उपचाराबद्दल असाच प्रश्न एका नामवंत सर्जनला १८८३ मध्ये पडला होता.

थिओडोर कोखर यांचा जन्म १८४१ चा, स्वित्झर्लंडमधील बर्नचा. १८७२ मध्ये ते तेथेच शल्यचिकित्सेचे प्राध्यापक झाले. आल्प्सच्या माती-पाण्यात आयोडीन कमी, त्यामुळे गलगंडाचे रुग्ण उदंड. त्या काळी गळ्याच्या या शस्त्रक्रियेत रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाने अनेक जण दगावत. कोखर सावकाश काम करीत, प्रत्येक रक्तवाहिनी बांधून मगच पुढे जात. त्यांच्या हाताखालचे मृत्यू पुढे शंभरात एकाहूनही कमी झाले.

१८७४ मध्ये त्यांनी ११ वर्षांच्या एका मुलीची संपूर्ण ग्रंथी काढली. जखम छान भरली. नंतर मुलगी मंद झाल्याचे तिच्या डॉक्टरांनी कळवले, पण ते तेव्हा मागे पडले. १८८२ मध्ये जिनिव्हाचे सर्जन रेव्हर्दँ यांनी स्वतःच्या रुग्णांत तसाच बदल पाहिल्याचे सांगितले, तेव्हा कोखर यांनी जुने रुग्ण परत बोलावले. संपूर्ण ग्रंथी काढलेले १८ जण तपासले. त्यांपैकी १६ जणांचे चेहरे सुजट, त्वचा कोरडी, बोलणे-चालणे संथ. ती मुलगी खुरटलेली. एके काळी तिच्यासारखीच दिसणारी धाकटी बहीण मात्र उंच झालेली. गंमत अशी, की धसमुसळ्या सर्जनच्या हातून ग्रंथीचा तुकडा मागे राही आणि रुग्ण वाचे. कोखर यांचा नीटनेटकेपणाच नडला होता. त्यांनी हे लपवले नाही. १८८३ मध्ये सर्जनांच्या बर्लिन परिषदेत त्यांनी सगळे मांडले, आणि साध्या गलगंडासाठी पूर्ण ग्रंथी काढणे सोडले.

त्यांचे हे रुग्ण गलगंडाचे होते, पण त्यातून कळलेली गोष्ट आजही लागू पडते. ग्रंथीचा जोर असताना शरीर भराभर ऊर्जा जाळते. तो उतरला की जळणे कमी होते, भुकेची सवय मात्र तशीच राहते. त्यामुळे परत येणारे काही वजन आजारात गमावलेलेच असते. पण संप्रेरक गरजेपेक्षा खाली गेले, तर शरीरात मीठ-पाणीही साठते. शस्त्रक्रियेनंतर किंवा किरणोत्सारी आयोडीननंतर हे वारंवार होते. (मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये ही उपचारपद्धती १९६० च्या दशकापासून रुळली.) म्हणून वजनासोबत थकवा, थंडी, बद्धकोष्ठता आली तर रक्त तपासावे. सुरुवातीचे काही महिने टीएसएच दबलेलेच राहू शकते, तेव्हा टी-४ ही पाहावे लागते. वजनाच्या धास्तीने गोळ्या आपल्या मनाने बंद केल्या, तर हृदयाचे ठोके पुन्हा बिघडू शकतात.

कोखर यांच्या त्या रुग्णांना १८८३ मध्ये देण्याजोगे काही नव्हते. १८९१ मध्ये इंग्लंडचे जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून अशीच एक रुग्ण सुधारल्याचे दाखवले. १९०९ चे नोबेल कोखर यांना मिळाले. ते मिळवणारे पहिले सर्जन तेच. १९१७ मध्ये ते बर्नमध्येच वारले. थायरॉक्सिन त्याआधी तीन वर्षे अमेरिकेत वेगळे काढले गेले होते.