हवालदार गोपाळबाबा वलंगकर : एका अर्जाचे स्मरण
महाडजवळील रावढुळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले व दापोलीस राहिले. पुढे काही वर्षांतच महारांची सैन्यभरती बंद झाली. ज्यांच्या पूर्वजांची नावे कोरेगावच्या स्तंभावर कोरलेली आहेत, ते कोणताही अपराध नसता नालायक ठरले. पगार गेला, पलटणीच्या शाळेतील शिक्षण गेले, मानही गेला. बाबांनी अनार्य दोषपरिहारक मंडळीच्या वतीने १८९४ साली भरती पुन्हा खुली करण्याचा अर्ज सिद्ध केला. यश पाहण्यापूर्वीच १९०० साली ते कालवश झाले. ती मागणी शिवराम जानबा कांबळे व पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी चालविली. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. खानदेशातून आज सैन्यात जाणाऱ्या आपल्या मुलांनी दापोलीचा तो अर्ज स्मरणात ठेवावा.