माणसांच्या बाहुल्या

चोआ चू कांगच्या घरी मुलांना वायांग कुलितमधले चामड्याचे राम-रावण दाखवताना मला मुंबईची अंधेरी आठवते.

कुमिल्ल्यात जन्मलेले शांती बर्धन उदय शंकरांच्या अल्मोडा केंद्रातून इप्टाच्या अंधेरीतील नृत्यपथकात आले. क्षयाने शरीर पोखरले. तरीही १९५२ साली त्यांनी मुंबईत ‘लिटल बॅले ट्रूप’ ही संस्था उभारली आणि ‘रामायण’ रचले. कल्पना धाडसाची होती : नर्तकांनीच कळसूत्री बाहुल्या व्हायचे! अप्पुण्णी कर्ता यांच्या मुखवट्यांनी चेहऱ्यावरचा अभिनयच काढून घेतला; मग सीतेचे दुःख मानेच्या कलण्यातून, मनगटाच्या झटक्यातून सांगणे आले. वेशभूषेची याहून कठीण कसोटी मला ठाऊक नाही.

१९५४ साली बर्धन निवर्तले. पत्नी गुल बर्धन यांनी ‘रामायण’ पुढे कित्येक दशके रंगमंचावर ठेवले.