चित्रकार फैजी-रहमीन : जीवन आणि बोध

मराठी मातीत जन्मलेल्या ज्या कलावंतांची नावे आज फारशी कोणी घेत नाही, त्यांत मरहूम सॅम्युएल फैजी-रहमीन यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचा जन्म 1880 साली पुण्यात एका बेने इस्राएल कुटुंबात झाला. बेने इस्राएल म्हणजे कोकणात शतकानुशतके राहिलेले, मराठी बोलणारे यहुदी. तेलाचे घाणे चालविणारा आणि शनिवारी काम बंद ठेवणारा हा समाज गावोगावी शनवार तेली म्हणून ओळखला जाई.

मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिक्षण घेऊन तरुण रहमीन लंडनला गेले. तेथे रॉयल अकॅडमीच्या शाळेत त्यांना जॉन सिंगर सार्जंट यांच्यासारख्या ख्यातनाम चित्रकाराचे मार्गदर्शन लाभले. तैलरंगातील हुबेहूब व्यक्तिचित्रण ही त्या शिक्षणाची खूण होती. राजेरजवाड्यांच्या दरबारी अशा चित्रांना मोठी मागणी होती. मायदेशी परतल्यावर बडोद्याच्या गायकवाड सरकारने त्यांना कलासल्लागार नेमले. मान, पैसा आणि प्रतिष्ठा या तिन्ही गोष्टी त्यांच्यासमोर हात जोडून उभ्या होत्या.

याच काळात त्यांच्या जीवनाला दोन वळणे मिळाली. पहिले वळण विवाहाचे. 1912 साली त्यांचा विवाह अतिया फैजी यांच्याशी झाला. अतिया या मुंबईच्या तय्यबजी घराण्याच्या नात्यातील विदुषी. 1906 साली शिक्षणासाठी त्या विलायतेला गेल्या होत्या. अल्लामा इक्बाल आणि मौलाना शिबली नोमानी यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता. त्यांच्या भगिनी नाझली या जंजिऱ्याच्या नवाबांच्या बेगम होत्या. या विवाहाच्या वेळी रहमीन यांनी इस्लाम स्वीकारला आणि पत्नीचे कुलनाम आपल्या नावाशी जोडले. पुरुषाने पत्नीचे कुलनाम धारण करावे, ही गोष्ट त्या काळी विरळच होती.

दुसरे वळण कलेचे. ज्या तैलरंगाने नाव मिळवून दिले तो त्यांनी बाजूला ठेवला आणि कागदावरील जलरंगात मुघल व राजपूत लघुचित्रांच्या वाटेने काम सुरू केले. या वाटेचे एक मूळ इराणात आहे. सोळाव्या शतकात बादशहा हुमायूनने मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद या इराणी उस्तादांना आपल्या पदरी ठेवले. त्यांच्याच देखरेखीखाली अकबराच्या चित्रशाळेत हम्जानाम्याची सुमारे 1400 चित्रे तयार झाली. दख्खनही मागे नव्हते. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाच्या स्तुतीपर लिहिलेले सचित्र फारसी काव्य आजही पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जतन केलेले आहे. म्हणजे रहमीन ज्या परंपरेकडे वळले, ती त्यांच्या जन्मभूमीला परकी नव्हती.

ही कला संयमाची आहे. कागद अकीक दगडाने घोटून गुळगुळीत करावा लागतो. खनिजांचे रंग डिंकात खलावे लागतात. खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला घेऊन रेष श्वास रोखून ओढावी लागते. तिच्यात छायाप्रकाशाचा भास नसतो. दूरचे आणि जवळचे एकाच पातळीवर येते. जव्हारकडे दाभोशाच्या परिसरात वारली घरांच्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने काढलेली लग्नाची चित्रे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे सहज उमजेल. तेथेही सावली नसते, तरी काही उणे वाटत नाही. डोळ्यांना दिसते त्याची नक्कल करणे हा दोन्हीकडे हेतू नाही.

रहमीन यांची चित्रे पॅरिस, लंडन आणि अमेरिकेत मांडली गेली. अतियांनी हिंदुस्थानी संगीतावर लिहिलेल्या ग्रंथासाठी त्यांनी चित्रे काढली. तोडी रागिणीचे आणि एका राजपूत सरदाराचे अशी त्यांची दोन चित्रे लंडनच्या टेट संग्रहालयात आहेत. नवी दिल्लीची राजधानी उभी राहत असताना तेथील सचिवालयाच्या घुमटांवर चित्रे काढण्याचे कामही त्यांच्याकडे आले.

येथे वाचकांच्या मनात एक प्रश्न उभा राहील. सजीवांची चित्रे काढण्यास बहुसंख्य उलेमांनी नापसंती दर्शविली आहे. मग अशा चित्रकाराचे स्मरण का करावे? त्या मतभेदाचा निकाल लावणे हा या लेखाचा हेतू नाही. मुस्लिम समाजांत लघुचित्र प्रामुख्याने काव्याच्या व इतिहासाच्या पोथ्यांत राहिले. मशिदीत आणि कुरआनच्या पानांवर त्याला प्रवेश मिळाला नाही, तेथे सुलेखन आणि सोनेरी वेलबुट्टीच शोभली, ही मर्यादा लक्षात ठेवावी. रहमीन यांच्या जीवनातून आपण जे घ्यायचे ते वेगळे आहे. बाजारात ज्याला भाव होता, ते त्यांनी समजून-उमजून सोडले आणि जे खरे वाटले, त्यासाठी हात पुन्हा अ-आ-ईपासून घडविला. प्रस्थापित कलावंताला शिकाऊ होणे किती जड जाते, हे कोणत्याही क्षेत्रातील जाणत्याला विचारावे.

या जीवनाचा अखेरचा भाग क्लेशदायक आहे. फाळणीनंतर, 1948 साली, जिना यांच्या आमंत्रणावरून हे दांपत्य मुंबईचे घर सोडून कराचीला गेले. तेथे त्यांनी उभारलेली वास्तू कलेचे आणि संगीताचे केंद्र व्हावी, अशी त्यांची इच्छा होती. पण जिना लवकरच निवर्तले आणि पुढे त्या दोघांना ती वास्तू सोडावी लागली. ज्यांच्या बैठकीत कधी विद्वान आणि राजेरजवाडे बसत, त्यांचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. 1964 साली फैजी-रहमीन यांचे निधन झाले. 1967 साली अतियाही गेल्या. त्यांचा संग्रह कराची शहराच्या हाती आला, परंतु त्यासाठीच्या इमारतीचे काम दशकानुदशके रखडत राहिले.

पुण्याने त्यांना विसरले, मुंबईने विसरले आणि ज्या शहराच्या भरवशावर ते गेले, त्यानेही त्यांची कदर केली नाही. माणसांच्या स्मरणावर ज्याचा भरवसा आहे, त्याची अशी निराशा ठरलेलीच असते. म्हणूनच इस्लाम कर्माचे मोल लोकांच्या वाहवेवर न ठेवता हेतूवर ठेवतो, आणि मोबदल्याची अपेक्षा केवळ अल्लाहकडे करण्यास शिकवतो. मात्र यामुळे आपली जबाबदारी टळत नाही. सोपविलेली वस्तू सांभाळणे ही अमानत आहे, आणि ज्यांनी आपल्याला काही दिले त्यांचे ऋण मान्य करणे हे ईमानवंतांचे कर्तव्य आहे. पुण्यात जन्मलेल्या या मराठीभाषक मुसलमान चित्रकाराचे नाव आपल्या मुलांना सांगणे, एवढे तरी आपल्या हाती आहे. अल्लाह त्यांची मगफिरत करो. आमीन.